खर्च की गुंतवणूक? व्ही. के. आर. व्ही. राव आणि शिक्षणाचा हिशेब

१/२४
सरकारने एखाद्या गावात शाळेची इमारत बांधली, तर तो पैसा देशाच्या हिशेबात 'भांडवलनिर्मिती' म्हणून नोंदला जातो. त्याच इमारतीत रोज उभे राहून मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार मात्र 'उपभोग' या सदरात जातो. विटा आणि सिमेंट ही गुंतवणूक, शिकवणे हा खर्च. ही विभागणी आजही कायम आहे. भारताचे राष्ट्रीय उत्पन्न शास्त्रशुद्ध रीतीने मोजण्याचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्यापैकीच एका अर्थतज्ज्ञाने पुढे हिरिरीने मांडले, की शिक्षण ही गुंतवणूकच आहे. त्यांचे नाव व्ही. के. आर. व्ही. राव. हा धागा त्यांच्या कारकिर्दीचा आणि त्या एका वादाचा.

२/२४
वाद मात्र त्यांच्याही आधीचा. मार्च १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यांची मागणी माफक होती: ज्या भागात पुरेशी मुले आधीच शाळेत जात आहेत, तेथील स्थानिक संस्थांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा असावी आणि खर्च सरकार व स्थानिक संस्था यांनी वाटून घ्यावा. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी हे विधेयक फेटाळले गेले. विरोधाच्या मुळाशी असलेल्या कारणांत पैशाचे कारण ठळक होते. शिक्षण चांगले हे सर्वांना मान्य होते. ते परवडत नाही, असे सांगितले जात होते. 'परवडत नाही' या शब्दांना अर्थशास्त्राच्या भाषेत उत्तर मिळायला आणखी अर्धशतक जावे लागले.

३/२४
विजयेंद्र कस्तुरी रंग वरदराज राव यांचा जन्म ८ जुलै १९०८ रोजी कांचीपुरम येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईत आले आणि गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकले. त्यांचा पहिला मोठा अभ्यास भारतातील प्राप्तिकरावर होता. तो १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. विषय कोरडा वाटेल, पण त्यातच त्यांच्या पुढील आयुष्याचे सूत्र दिसते. सरकारकडे पैसा कोठून येतो, तो कोणाच्या खिशातून जातो आणि त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यांनी कधीच सोडला नाही.

४/२४
मुंबईहून ते केंब्रिजला गेले. जॉन मेनार्ड केन्स यांच्या विचारांनी तेव्हा तेथील अर्थशास्त्र ढवळून निघत होते. राव यांनी पीएच. डी.साठी निवडलेला विषय होता, ब्रिटिश हिंदुस्थानचे राष्ट्रीय उत्पन्न. हा विषय राजकीयदृष्ट्या स्फोटक होता. दादाभाई नौरोजी यांनी एकोणिसाव्या शतकात दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे मांडले होते आणि त्यावरून सरकार व राष्ट्रवादी यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. सरकारी अधिकारी मोठा आकडा सांगत, राष्ट्रवादी लहान. दोन्हीकडचे आकडे बऱ्याच अंशी अंदाजावर उभे होते.

५/२४
राव यांनी दोन्ही बाजूंच्या घोषणा दूर ठेवून पद्धतीवर लक्ष दिले. शेती, खाणी, जंगले अशा क्षेत्रांत किती माल पिकला वा निघाला, हे मोजून त्याची किंमत काढायची. व्यापार, वाहतूक, नोकरी, घरकाम अशा क्षेत्रांत माणसे किती आणि त्यांचे उत्पन्न किती, हे मोजायचे. म्हणजे जेथे उत्पादन मोजता येते तेथे उत्पादन, जेथे येत नाही तेथे उत्पन्न. ज्या देशात असंख्य शेतकरी स्वतः पिकवलेले स्वतःच खातात आणि कारागीर हिशेबाची वही ठेवत नाहीत, तेथे ही सांगड आवश्यकच होती. पुढच्या काळातील सरकारी मोजणीनेही हाच मार्ग धरला.

६/२४
उत्तर काय आले? १९३१-३२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे ६२ रुपये. महिन्याला जेमतेम पाच रुपये. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळलेले असतानाचा हा आकडा आहे. १९४० साली हा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि तिशीच्या सुरुवातीलाच राव यांचे नाव या विषयातील अधिकारी अभ्यासक म्हणून घेतले जाऊ लागले. दारिद्र्य किती आहे हे आता बऱ्याच खात्रीने सांगता येत होते. ते हटेल कशाने, हा पुढचा प्रश्न होता.

७/२४
१९३७ ते १९४२ या काळात राव अहमदाबादच्या एका कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४२ साली ते दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. त्यानंतरच्या काळात राव यांनी केंद्र सरकारच्या अन्न खात्यात सांख्यिकी संचालक म्हणून काम केले आणि १९४६-४७ मध्ये ते वॉशिंग्टन येथे भारताचे अन्न व आर्थिक सल्लागार होते. अन्नाचा साठा किती, जहाजे किती, कोणत्या प्रांताला किती धान्य, हे आकडे तेव्हा माणसांच्या जगण्यामरण्याचे आकडे होते.

८/२४
स्वातंत्र्याच्या सुमारास ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक विकासविषयक उपआयोगाचे अध्यक्ष झाले. तेथे त्यांना एक अडचण स्पष्ट दिसली. जागतिक बँक धरण, वीज, रेल्वे अशा कामांना कर्ज देई, कारण त्यांतून वसुली दिसत असे. गरीब देशांना मात्र असा पैसाही हवा होता, जो दीर्घ मुदतीचा आणि अल्प व्याजाचा असेल, ज्याची फेड लगेच मागितली जाणार नाही. १९४९ साली राव यांनी यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अधीन असलेली एक स्वतंत्र यंत्रणा उभारण्याचा प्रस्ताव मांडला.

९/२४
श्रीमंत देशांनी तो प्रस्ताव तसाच स्वीकारला नाही. परंतु मागणी विझली नाही. दशकभराच्या खेचाखेचीनंतर १९६० साली जागतिक बँकेच्याच छत्राखाली आंतरराष्ट्रीय विकास संघटना स्थापन झाली. सवलतीच्या कर्जाची कल्पना तेथे उतरली, फक्त नियंत्रण संयुक्त राष्ट्रांऐवजी बँकेकडे राहिले. याच संघटनेने १९६२ साली ट्युनिशियाला शाळांसाठी कर्ज दिले. जागतिक बँकेच्या परिवाराने शिक्षणासाठी दिलेले ते पहिले कर्ज. शाळाही कर्ज देण्याजोगी गोष्ट आहे, हे बँकेच्या दप्तरात प्रथमच नोंदले गेले.

१०/२४
इकडे देशात ऑगस्ट १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस. सदस्य दोन, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. सल्लागारांत सायमन कुझनेट्स आणि रिचर्ड स्टोन यांच्यासारखे जगन्मान्य तज्ज्ञ होते. स्वतंत्र भारताच्या हिशेबाची चौकट या समितीने आखली. येथेच धाग्याच्या आरंभी आलेली विसंगती पुन्हा समोर येते. जगभर मान्य असलेल्या त्या चौकटीत सरकारी शिक्षणसेवेचे मूल्य म्हणजे तिच्यावर झालेला खर्च. जीव ओतून शिकवणारा शिक्षक आणि वर्गावर न जाणारा शिक्षक, दोघांचा पगार सारखा असेल तर देशाच्या हिशेबात दोघांचे काम सारखेच.

११/२४
त्याच वर्षी, १९४९ साली, राव यांच्या पुढाकाराने दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची स्थापना झाली. स्वतंत्र देशाला योजना आखायच्या असतील तर त्या आखणारी माणसे येथेच घडली पाहिजेत, हा त्यामागचा विचार. लंडनच्या प्रसिद्ध संस्थेचा आदर्श डोळ्यांसमोर होता. पुढे के. एन. राज, अमर्त्य सेन, जगदीश भगवती, सुखमय चक्रवर्ती अशी नावे या संस्थेशी जोडली गेली. शिक्षणाला गुंतवणूक म्हणणारा सिद्धांत अजून लिहिला जायचा होता. राव यांनी ती गुंतवणूक आधीच सुरू केली होती.

१२/२४
१९५२ साली त्यांनी लिहिलेला एक निबंध अर्थशास्त्राच्या वर्गांत आजही चर्चिला जातो. केन्स यांचे सूत्र असे: मंदीत सरकारने पैसा खर्च केला की मागणी वाढते, बंद कारखाने सुरू होतात, उत्पन्न अनेक पटींनी वाढते. राव यांनी विचारले, कारखाने बंद नसतील, मुळात नसतीलच, तर? भारतात काम नसलेली माणसे होती. पण त्यांना लागणारी अवजारे, भांडवल आणि कौशल्य नव्हते. अशा ठिकाणी मागणी वाढली तर उत्पादनाऐवजी भाव वाढतात. म्हणजे खरी टंचाई क्षमतेची. क्षमता यंत्रांची असते तशी माणसांचीही असते, आणि शिक्षणाचा प्रश्न येथे अर्थशास्त्राच्या दारात येऊन उभा राहतो.

१३/२४
तत्कालीन धोरण मात्र यंत्रांकडे झुकलेले होते. १९५६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने पोलाद आणि अवजड उद्योगांना अग्रक्रम दिला. पहिल्या योजनेत शिक्षणाचा वाटा एकूण खर्चाच्या सुमारे ८ टक्के होता. दुसऱ्या योजनेत तो ६ टक्क्यांच्या आत आला. रक्कम वाढली, वाटा घटला. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि स्त्रियांमध्ये ९ टक्क्यांहूनही कमी. संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. १९६० उजाडले, मुदत सरली, उद्दिष्ट तेथेच राहिले.

१४/२४
याच सुमारास अर्थशास्त्रात वारे बदलले. १९५७ साली रॉबर्ट सोलो यांनी दाखवले, की अमेरिकेच्या उत्पादनवाढीचा मोठा भाग यंत्रे आणि मजूर यांच्या संख्येने उलगडत नाही. मग तो आला कोठून? डिसेंबर १९६० मध्ये थिओडोर शुल्ट्झ यांनी अमेरिकी अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात उत्तर सुचवले: माणसांच्या ज्ञानात आणि कौशल्यात केलेली गुंतवणूक, म्हणजेच मानवी भांडवल. अनेकांना हा शब्द खटकला. माणसाला भांडवल म्हणणे म्हणजे त्याला वस्तू समजणे, असे त्यांना वाटले. तरीही 'परवडत नाही' या जुन्या सबबीला प्रथमच अर्थशास्त्राच्या भाषेत प्रत्युत्तर मिळाले होते.

१५/२४
राव तेव्हा कोठे होते? १९५७ ते १९६० ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्या वेळी चिंतामणराव देशमुखांकडे होते; म्हणजे एक अर्थतज्ज्ञ विद्यापीठ चालवत होता आणि रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर विद्यापीठांना पैसा देत होता. १९५८ साली राव यांनी दिल्लीत इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ उभी केली. १९५९ साली त्यांनी समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांना दिल्लीत आणून समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. केवळ आकड्यांनी समाज कळत नाही, याची जाण या निवडीत दिसते.

१६/२४
१९६३ ते १९६६ या काळात राव नियोजन आयोगाचे सदस्य होते. देशाचा पैसा कोणत्या सदरात जावा, हे ठरवणाऱ्या मेजावर आता ते स्वतः बसले होते. १९६६ साली शिक्षण आणि मानवी साधनसंपत्तीचा विकास या विषयावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रतिपादन असे, की आर्थिक वाढीचे मुख्य साधन माणूस आहे. धरण आणि पोलाद कारखाना यांच्याइतकाच त्याच्या घडणीचा विचार योजनेने केला पाहिजे. 'मनुष्यबळ विकास' हा शब्द सरकारी खात्याच्या पाटीवर यायला त्यानंतर जवळजवळ दोन दशके लागली.

१७/२४
हे म्हणणे वरवर साधे दिसते. त्यातील आर्थिक मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. खर्च आणि गुंतवणूक यांतील फरक काळाचा असतो. आज खाल्लेले धान्य आज संपते. आज पेरलेले धान्य उद्या पीक देते. शिक्षणाचे पीक मात्र दहा-पंधरा वर्षांनी येते आणि ते एकट्या शिकणाऱ्याच्या पदरात पडत नाही. साक्षर आईच्या मुलांचे आरोग्य, शिकलेल्या शेतकऱ्याने आधी वापरून पाहिलेले नवे बियाणे, या लाभांचे बिल कोणीच कोणाला पाठवत नाही. म्हणून एकेक कुटुंब स्वतःच्या हिशेबाने जेवढे शिक्षण विकत घेईल, ते समाजाला हवे त्यापेक्षा कमीच असते. सरकारने पैसा घालण्याचे कारण दया नव्हे, हा हिशेब आहे.

१८/२४
१९६४ साली भौतिकशास्त्रज्ञ डी. एस. कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरशी घट्ट नाते असलेले जे. पी. नाईक. १९६६ च्या जूनमध्ये आलेल्या अहवालाच्या शीर्षकातच शिक्षण आणि राष्ट्रीय विकास यांची जोडी होती. आयोगाने सुचवले, की शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३ टक्क्यांवरून १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावा. १९६८ च्या पहिल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ६ टक्क्यांचे हे उद्दिष्ट स्वीकारले. राव ज्या राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी करत आले होते, तेच आता शिक्षणाचे माप झाले.

१९/२४
१९६७ च्या निवडणुकीत राव कर्नाटकातील बेल्लारीहून लोकसभेवर निवडून आले. आधी परिवहन व जहाजवाहतूक खाते आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये शिक्षण व युवक सेवा खाते त्यांच्याकडे आले. सिद्धांत मांडणाऱ्याच्या हातात खाते आले खरे. पण त्या खात्याचे हात बांधलेले होते. संविधानानुसार शिक्षण तेव्हा राज्यांच्या सूचीत होते; ते समवर्ती सूचीत आले १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने. शाळा राज्यांच्या, शिक्षक राज्यांचे, पगाराचा बोजाही मुख्यतः राज्यांवर. केंद्रीय मंत्री धोरण सांगू शकत होता, आग्रह धरू शकत होता. आदेश देऊ शकत नव्हता.

२०/२४
जेथे केंद्राला थेट काही करता येत होते, तेथे राव यांनी केले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, त्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला: ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी. आजही महाविद्यालयांतून 'एन. एस. एस.'चे शिबिर भरते, ते याच योजनेचे. त्याच वर्षी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष स्वतः राव होते. परिषदेचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. राष्ट्रीय उत्पन्न समितीतले दोन सहकारी वीस वर्षांनी पुन्हा एका कामावर भेटले.

२१/२४
पण गुंतवणूक म्हटले की पुढचा प्रश्न टळत नाही: कोणात? १९६७ साली ए. एम. नल्ला गौंडन यांच्या अभ्यासाने दाखवले, की भारतात प्राथमिक शिक्षणावरील परतावा पदवीपेक्षा जास्त आहे. १९६९ साली मार्क ब्लाउग आणि सहकाऱ्यांनी सुशिक्षित बेकारीवर लिहून प्राथमिक शिक्षणाकडे पैसा वळवण्याची बाजू मांडली. १९७० च्या मार्चमध्ये, राव शिक्षणमंत्री असतानाच, अमर्त्य सेन यांनी आपल्या व्याख्यानांत उच्च शिक्षणाच्या बेसुमार विस्तारामागचे मध्यमवर्गीय दडपण उघड केले. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच सांगितले होते: महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि सरकार तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते.

२२/२४
राव यांच्या स्वतःच्या कर्तृत्वावरही या प्रश्नाची सावली पडते. त्यांनी उभ्या केलेल्या संस्था बहुतांशी उच्च शिक्षणाच्या आणि संशोधनाच्या होत्या. त्या नसत्या तर देशाला आपल्या दारिद्र्याचे मापही घेता आले नसते, हे खरे. मात्र गावच्या शाळेपर्यंत पैसा पोहोचला नाही, हेही तितकेच खरे. शिक्षणाचा योजनेतील वाटा तिसऱ्या योजनेत ७ टक्क्यांच्या जवळ गेला होता. चौथ्या योजनेत तो ५ टक्क्यांच्या आसपास आला आणि पाचव्या योजनेत सव्वातीन टक्क्यांवर घसरला. शिवाय एकदा नेमलेल्या शिक्षकांचा पगार योजना संपताच 'योजनेतर' सदरात जाई, आणि काटकसरीची कात्री लागण्याचे ते हक्काचे सदर होते.

२३/२४
मार्च १९७१ मध्ये त्यांचे मंत्रिपद संपले. पुढच्याच वर्षी, चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी बंगळुरूमध्ये इन्स्टिट्यूट फॉर सोशल अँड इकॉनॉमिक चेंज ही तिसरी मोठी संस्था उभी केली, एम. एन. श्रीनिवास पुन्हा सोबतीला आले. १९७४ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८० च्या दशकात त्यांनी अन्न, पोषण आणि दारिद्र्य यांवर लिहिले आणि १९८३ साली ते आपल्या पहिल्या विषयाकडे, भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाकडे, पुन्हा वळले. २५ जुलै १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षीच्या जनगणनेत साक्षरता ५२ टक्के भरली. स्त्रियांमध्ये ३९ टक्के. निम्म्याहून अधिक स्त्रिया अजून अक्षरांबाहेर होत्या.

२४/२४
१९६८ च्या धोरणाने ६ टक्के म्हटले. १९८६ च्या धोरणाने पुन्हा ६ टक्के म्हटले. २०२० च्या धोरणानेही तेच म्हटले आणि प्रत्यक्ष सरकारी खर्च साडेचार टक्क्यांच्या आत असल्याचेही नोंदवले. आज 'शिक्षण ही गुंतवणूक आहे' या वाक्याला कोणीही विरोध करत नाही. ते भाषणात बिनधोक म्हणता येते. राव यांचा युक्तिवाद शब्दांत जिंकला, सदरांत हरला. अर्थसंकल्पात शिक्षकाचा पगार आजही महसुली खर्च आहे आणि शिक्षकाची रिकामी जागा आजही बचत दिसते. ती बचत नव्हे. जी पेरणी झालीच नाही तिचे पीक कोणत्याच हिशेबात दिसत नाही, एवढेच.